कोलकाता, नाताळची सुट्टी आणि पूल बांधणारी मैत्रीण

पारिजातक:

नाताळच्या सुट्टीत कॉलेजपासूनच्या मैत्रिणीबरोबर कोलकाता केलं. घरचे म्हणत होते, "आपण सगळेच जाऊ की." पण या वेळी फक्त दोघींनी जायचं हे आमचं पक्कं होतं.

ती पुलांच्या आराखड्यांचं काम करते, मी भाषा शिकवते. पोलाद, काँक्रीट, बोगदा असं काही दिसलं की तिचा पाय निघत नाही. माझं तेच जुन्या पुस्तकांच्या आणि जुन्या घरांच्या बाबतीत होतं. म्हणून तिकिटं काढतानाच ठरवलं: सकाळ तिची, दुपार माझी, संध्याकाळ मोकळी. सकाळी ती नेईल तिथे मी जायचं, दुपारी मी नेईन तिथे तिने यायचं. "मला त्यात काय कळतंय" असं कोणीही म्हणायचं नाही. सहल इतकी रंगली ती या करारामुळे, म्हणून आधी तेच सांगितलं.

पहिली सकाळ हावडा पुलाची. ती मला पुलावर न नेता आधी पुलाखाली घेऊन गेली. कोलकात्याच्या बाजूला, पुलाच्या टोकाशी नदीला लागून मल्लिकघाटाचा फुलबाजार आहे. आम्ही उजाडता उजाडता पोचलो. झेंडूच्या माळांचे ढीग डोक्यावर घेतलेले हमाल "शोरुन, शोरुन" करत अंगावर येतात आणि आपण आपोआप बाजूला होतो. कालीमातेसाठी लाल जास्वंदीच्या माळांचे गठ्ठेच्या गठ्ठे. पायाखाली चिखल, पाकळ्या, देठ. मी फुलं बघत होते आणि ही मान वर करून उभी.

"नदीत एक तरी खांब दिसतोय का तुला?" तिने विचारलं. खरंच नव्हता. दोन्ही काठांवर दोन उंच मनोरे, त्यांच्यापासून दोन बाहू नदीवर पुढे आलेले, आणि त्या बाहूंच्या टोकांच्या मधला तुकडा त्यांनाच टांगलेला. गाड्या, बस, माणसं ज्यावरून जातात तो रस्ताही वरच्या सांगाड्याला पोलादी पट्ट्यांनी लटकवलेला आहे. मनोऱ्यापासून मनोऱ्यापर्यंतचं अंतर 457 मीटर. सुमारे 26,500 टन पोलाद लागलं आणि त्यातलं बहुतेक टाटांच्या कारखान्यातून आलं. सगळे जोड रिव्हेटचे, नट-बोल्ट नाहीत. पूल 1943च्या फेब्रुवारीत सुरू झाला तेव्हा महायुद्ध चालू होतं, जपानी विमानांची धास्ती होती, त्यामुळे उद्घाटनाचा सोहळा झालाच नाही. 1965 साली त्याला रवींद्र सेतू हे नाव मिळालं, पण आम्हाला तरी ते नाव कोणाच्या तोंडी ऐकू आलं नाही.

नंतर पुलावरून चालत गेलो तेव्हा तिने लोंबत्या पट्ट्यांच्या तळाशी बसवलेली फायबरग्लासची आवरणं दाखवली. लोक पान खाऊन तिथे थुंकत, त्या पिंकांनी पोलाद गंजायला लागलं, म्हणून ती घालावी लागली. हे सांगताना ती चिडली होती. युद्धात उभा राहिलेला पूल पानाच्या पिंकेने झिजावा याचा राग मलाही आला.

हुगळीवर थोडं खाली दुसरा मोठा पूल दिसतो, तो विद्यासागर सेतू, 1992चा. त्याचा रस्ता तिरप्या केबलींनी तोललेला आहे. त्याचाही मुख्य गाळा 457 मीटरचा! नदीत पाय न टाकता तेवढंच अंतर ओलांडायचं, पन्नास वर्षांच्या अंतराने, पूर्ण वेगळ्या युक्तीने. दोन्ही पूल एका नजरेत यावेत म्हणून तिने मला हावडा घाटावरून फेरीबोटीत बसवलं. बोटीचं तिकीट अगदी किरकोळ आहे. कोलकात्यात एकच गोष्ट करायला वेळ असेल तर मी हीच सांगेन.

त्याच सकाळी नदी तिसऱ्या प्रकारे पार केली: पाण्याखालून. हावडा स्टेशनाच्या पोटात मेट्रोचं स्थानक जमिनीखाली तीस मीटरहून खोल आहे. सरकते जिने संपतच नाहीत. नदीखालचा भाग साधारण अर्ध्या किलोमीटरचा, पाऊण मिनिटात मागे पडतो. तेवढ्या टप्प्यात बोगद्यात निळे दिवे लागलेले दिसतात. आमच्या डब्यातली सगळी मुलं काचेला नाक लावून उभी होती, आणि त्यांच्यामागे माझी मैत्रीणही. भारतातली पहिली मेट्रो याच शहरात 24 ऑक्टोबर 1984 रोजी धावली आणि नदीखालून जाणारी पहिली मेट्रोसुद्धा इथेच, मार्च 2024मध्ये. पण याच मार्गाच्या कामात 2019 साली बऊबझार भागात यंत्र भूजलाच्या थराला भिडलं, जमीन खचली आणि जुनी घरं कोसळली. मैत्रिणीने ते मुद्दाम सांगितलं. "पाऊण मिनिटाच्या मजेमागे कोणाचं तरी घर गेलंय, ते विसरायचं नाही."

आता माझ्या दुपारी.

कॉलेज स्ट्रीटला स्थानिक लोक बोईपाडा म्हणतात. प्रेसिडेन्सीच्या भिंतीला टेकून पत्र्याच्या टपऱ्यांची रांगच्या रांग. परीक्षेची पुस्तकं, कायद्याची, वैद्यकाची, आणि मध्येच कुठेतरी कोणाच्या तरी संग्रहातून आलेली शंभर वर्षांची प्रत. विक्रेत्याला विषय सांगायचा. तो मागे न बघता हात घालतो आणि पुस्तक काढतो. मी बंगाली अक्षरं शिकून गेले होते, त्यामुळे पुस्तकांच्या पाठीवरची नावं अडखळत का होईना वाचता येत होती. माझी मैत्रीण तासभर हूं की चूं न करता माझ्या पिशव्या धरून उभी राहिली, आणि मग तिलाच एका टपरीत रेल्वेपुलांवरचं जुनं पुस्तक मिळालं!

तिथल्याच कॉफी हाऊसमध्ये बसलो. उंच छत, लांब दांड्यांचे पंखे, पगडीवाले वेटर, भिंतीवर रवींद्रनाथांची मोठी तसबीर. कॉफी साधीच असते. लोक तिथे बोलायला येतात आणि कोणी तुम्हाला उठवत नाही. शेजारच्या टेबलावर पांढऱ्या केसांच्या मंडळींचा जोरदार वाद चालला होता. विषय फुटबॉल होता हे आम्हाला बऱ्याच वेळाने कळलं.

जोडासांकोला ठाकूरबाडी पाहिली. 1861 साली रवींद्रनाथ ज्या घरात जन्मले त्याच घरात 1941 साली गेले. लाल-हिरवी वास्तू, लांबलचक व्हरांडे, मधोमध अंगण. शेवटचा आजार काढला ती खोली बघताना आम्ही दोघी बोललोच नाही. बाहेर आल्यावर मैत्रीण म्हणाली, "एवढ्या मोठ्या घरात लहान मुलाला शाळेत जावंसं का वाटेल?" मी वर्गात इतकी वर्षं रवींद्रनाथ शिकवलेत, पण हा प्रश्न कधी मनात आला नव्हता.

आमची दोघींची आवड पूर्णपणे जुळली ती कुमोरटुलीला. मूर्तिकारांची वस्ती. डिसेंबरात दुर्गा नसते, वसंत पंचमीच्या सरस्वतींची लगबग असते. बोळाच्या दोन्ही बाजूंना पेंढ्याच्या सरस्वती, डोकं नसलेल्या, हात नसलेल्या. आधी बांबूचा सांगाडा, त्यावर पेंढा सुतळीने आवळून बांधतात, मग चिकट माती, तिला तिकडे एँटेल माटी म्हणतात, आणि वरून गुळगुळीतपणासाठी बारीक रेतीची बेले माटी. मैत्रीण एका कारागिराशी मोडक्या हिंदीत कितीतरी वेळ बोलत होती: सांगाड्याचा भार कुठे येतो, उचललेल्या हाताला आतून काय आधार देतात. त्याने काम थांबवून एक अर्धवट हात उघडून दाखवला. मी वाक्यं जुळवून देत होते. त्या बोळात आमची सकाळ आणि दुपार एक झाली.

व्हिक्टोरिया मेमोरियल पाहिलं, संगमरवर मकराण्याचा, सुंदर आहे, गर्दी अफाट होती. त्यापेक्षा साऊथ पार्क स्ट्रीटची जुनी दफनभूमी मनात राहिली. 1767 साली सुरू झालेली. झाडांच्या दाट सावलीत शेवाळलेले मनोरे आणि घुमट, त्यातला सगळ्यात उंच मनोरा विल्यम जोन्सचा, 1784 साली एशियाटिक सोसायटी स्थापणाऱ्याचा. कितीतरी थडग्यांवर विशीतल्या मुलामुलींची वयं कोरलेली आहेत. हवामान आणि ताप यांनी नेलेली माणसं.

खाण्याबद्दल इतकंच की हिवाळ्यात जाताय तर नलेन गूळ सोडू नका. खजुराच्या रसाचा नवा गूळ, त्याचा संदेश आणि दही. फुचक्यात उकडलेला बटाटा तिखट-मसाल्यात कुस्करून भरतात आणि पाणी चिंचेचं असतं. मला तरी पाणीपुरीपेक्षा जास्त आवडला.

फोटो नंतर टाकते.

---

अनवट:

फार सुंदर लिहिलंय. दोन पुलांचा 457 मीटरचा योगायोग माहीत नव्हता. मी हावडा पुलावरून कितीदा गेलोय, पण वर बघितलं ते सामान सांभाळताना जेवढं दिसलं तेवढंच. पुढच्या खेपेला फुलबाजारातून बघणार.

इरावती_काठ:

पारिजातक, सकाळ-दुपारच्या कराराबद्दल अजून लिहा ना. मी जवळच्या मैत्रिणीबरोबर एका मोठ्या शहरात गेले होते, परत येईपर्यंत आमचं बोलणं जवळपास बंद झालं होतं. भांडण मोठं नव्हतं. तिला रोज पहाटे निघायचं असायचं, मला नाही. तिला दुकानं, मला चालणं. दोघीही एकमेकींसाठी मन मारत राहिलो आणि शेवटी दोघींनाही वाटलं की आपणच जास्त सोसलं.

पारिजातक:

इरावती, मन मारणं टळावं म्हणूनच करार केला. "तुला काय हवंय?", "तुला चालेल ते" या चक्रात अर्धा दिवस जातो आणि शेवटी कोणालाच नको असलेल्या जागी आपण उभ्या असतो. ज्या वेळेचा निर्णय तिचा, त्या वेळेला मी मत द्यायचंच नाही. त्यात एक सुटका असते. शिवाय दुसरीच्या आवडीच्या जागी तिला बघणं हा वेगळाच आनंद आहे. पुलाखाली उभी असताना ती जशी बोलत होती तशी मी तिला इतक्या वर्षांत ऐकली नव्हती. तिचं काम काय आहे हे मला त्या सकाळी कळलं.

आणि एक दिवस आम्ही मुद्दाम वेगळ्या झालो. तिला शिबपूरच्या वनस्पती उद्यानातला महावटवृक्ष बघायचा होता, मला इंडियन म्युझियममधलं भारहुत स्तूपाचं दालन. दोन्हीला निवांत वेळ हवा होता. ती नदीपलीकडे गेली, मी चौरंगीला. भारहुतच्या लाल दगडी कठड्यावर जातककथा कोरल्यात आणि कितीतरी शिल्पांवर ब्राह्मीत लिहिलंय की हे काय आहे. बावीसशे वर्षांपूर्वीच्या माणसाने बघणाऱ्यासाठी नाव लिहून ठेवलंय! मी तिथून हललेच नाही. संध्याकाळी भेटलो तेव्हा दोघींकडे सांगायला इतकं होतं की जेवण गार झालं. तिचा वटवृक्ष अडीचशे वर्षांहून जुना. मूळ खोड बुरशीने सडलं म्हणून 1925 साली काढून टाकलं, आता तीन हजारांहून जास्त पारंब्या तो डोलारा पेलतात. "मधला खांब काढला तरी इमारत उभी आहे, आणि अजून वाढतेय," हे ती पुन्हा पुन्हा सांगत होती.

पैशांचंही आधीच ठरवा. आमचं एकच पाकीट होतं, दोघी सारखे पैसे टाकायचो, रिक्षा-चहा-तिकीट सगळं त्यातून. पुस्तकं आणि साड्या ज्याच्या त्याच्या.

गंगाकाठचा_मराठी:

मी बरीच वर्षं कोलकात्यात नोकरीनिमित्त राहतो. लेख वाचून छान वाटलं. जाणाऱ्यांसाठी थोडी भर घालतो. इंडियन म्युझियम, जोडासांको आणि व्हिक्टोरियाची दालनं सोमवारी बंद असतात, त्यामुळे सोमवार नदी, देवळं आणि बाजार यांना द्या. कॉलेज स्ट्रीटच्या बहुतेक टपऱ्या रविवारी बंद. दक्षिणेश्वर आणि बेलूर मठ एका दिवसात होतात, मधला प्रवास बोटीने करा. दक्षिणेश्वर राणी रासमणींनी बांधलं, 1855 साली. दोन्ही ठिकाणी दुपारी दरवाजे काही तास बंद असतात, हे लक्षात ठेवून निघा.

ट्रामबद्दल लिहिलं नाहीत? इथे 1873 साली घोड्यांची ट्राम आली, 1902 पासून विजेची. 2024मध्ये सरकारने एस्प्लनेड-मैदान एवढा वारसामार्ग ठेवून बाकी बंद करायचं जाहीर केलं, तेव्हा शहरातली कितीतरी माणसं हळहळली, रस्त्यावर आली. ज्यांना ट्राममध्ये बसायचं आहे त्यांनी लांबणीवर टाकू नये.

पारिजातक:

दादा, मनापासून आभार. ट्राममध्ये बसलो होतो, लिहायचं राहिलं. लाकडी बाकं, घंटेची दोरी, आणि चालत्या माणसाने मागे टाकावं इतका वेग. त्या वेगामुळेच दुकानांच्या पाट्या वाचता येतात, बाल्कनीतली माणसं दिसतात. मैत्रीण म्हणाली, रूळ आधीच टाकलेले आहेत, धूर नाही, मग शहराने हे हातचं का घालवावं? मला तिचं म्हणणं शंभर टक्के पटतं.

खडूफळा:

मराठा खंदक शोधलात का? इतिहासाच्या माणसाला तो कोलकात्यात सगळ्यात आधी आठवतो. 1742 साली नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालमध्ये शिरल्या तेव्हा घाबरलेल्या कोलकातेकरांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. ठरला होता सात मैलांचा, तीनेक मैल झाला. मराठे शहरावर आलेच नाहीत, काम तिथेच थांबलं, पुढे खंदक बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला.

पारिजातक:

खडूफळा, खंदक आता दिसत नाही, पण बागबाझारला मराठा डिच लेन नावाची गल्ली आहे, तिथे गेलो. साधी गल्ली, घरं, दुकानं. त्या पाटीसमोर मराठी बोलत उभं राहिल्यावर मला अवघडल्यासारखं झालं. बंगालवर चालून गेलेल्या मराठा स्वारांना तिकडे बर्गी म्हणतात, म्हणजे आपले बारगीर. त्यांची भीती तिथल्या अंगाईगीतात अजून आहे. आम्ही राहिलो त्या घरच्या आजींना आम्ही मराठी आहोत म्हटल्यावर त्यांनी ते गीत हसत हसत म्हणून दाखवलं आणि लगेच आणखी भात वाढला. आपण शाळेत अटकेपार झेंडे शिकतो. त्याच काळात बंगालच्या खेड्यांत लूट आणि जाळपोळ झाली, हेही आपल्या मुलांना शिकवायला हवं असं मला फार वाटतं.

खडूफळा:

सहमत. त्याला दुसरी बाजूही जोडा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याच कोलकात्यात शिवाजी उत्सव झाला, 1906 साली टिळक त्यासाठी तिथे गेले होते. त्यामागे सखाराम गणेश देऊसकर होते, देवघरजवळ जन्मलेले, मराठी घरातले आणि लेखन सगळं बंगालीत. दीडशे वर्षांत बर्गींची भीती ते शिवाजी महाराजांचा उत्सव, इतकं अंतर त्या शहराने कापलं.

निळावंती:

वाचताना गुंग झाले. आम्हा दोघी मैत्रिणींचा फेब्रुवारीच्या सुरुवातीला जायचा विचार आहे. दोन प्रश्न: आम्ही शाकाहारी आहोत, जेवणाचं कसं होईल? आणि दोघीच बायका, रात्री फिरायला ठीक वाटलं का?

पारिजातक:

निळावंती, "निरामिष" हा शब्द पाठ करून जा. नुसतं "व्हेज" म्हटलंत तर कधीकधी डाळीत माशाचं डोकं निघू शकतं, तिकडे मूगडाळ तशीही करतात. लुची-आलूर दम, छोलार डाल, शुक्तो, बेगुन भाजा, मोचार घोंटो म्हणजे केळफुलाची भाजी, उपाशी अजिबात राहणार नाही. फक्त शुक्तो, घोंटो मागवतानाही मासा-कोळंबी नाही ना, हे विचारा.

रात्रीचं म्हणाल तर नाताळच्या आदल्या संध्याकाळी पार्क स्ट्रीटवर होतो. दिव्यांच्या माळा, गाड्यांना बंदी, घरंच्या घरं रस्त्यावर आलेली, कडेवर बाळं, डोक्यावर लाल टोप्या. न्यू मार्केटमधल्या नाहूमच्या बेकरीसमोर केकसाठी भली मोठी रांग. 1902 पासूनची ज्यू कुटुंबाची बेकरी, आणि रांगेत सगळ्या धर्मांचे लोक. तिथे आम्हाला मोकळं वाटलं. एरवी रात्री मेट्रो किंवा ॲपची टॅक्सी घेतली, सामसूम रस्ते टाळले.

गंगाकाठचा_मराठी:

निळावंती, तारखा अजून पक्क्या नसतील तर पुस्तकमेळा गाठा. जानेवारीच्या अखेरीस सुरू होऊन फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत असतो, 1976 पासून चालू आहे. आता तो सॉल्ट लेकच्या बोईमेला प्रांगणात भरतो आणि हावड्याहून नदीखालच्या मेट्रोने थेट तिथे जाता येतं, करुणामयीला उतरायचं. शनिवार-रविवार टाळा. वसंत पंचमी त्याच सुमारास आली तर कुमोरटुलीतल्या सरस्वती गल्लोगल्ली मांडवात बसलेल्या दिसतील, पिवळ्या साड्यांतल्या मुलींची गर्दी असते.

इरावती_काठ:

मी त्या मैत्रिणीला आत्ता या धाग्याचा दुवा पाठवला. तिचं उत्तर आलं: "पहाट माझी, दुकानं पण माझी, चालणं तुझं. कधी जायचं?" गंगाकाठचे दादा, पुस्तकमेळ्याच्या तारखा जाहीर झाल्या की इथे टाकाल का? तिकिटं त्याप्रमाणे काढतो.

गंगाकाठचा_मराठी:

नक्की टाकतो. राहायला मेट्रोच्या जवळ बघा, सियालदह किंवा एस्प्लनेडच्या आसपास. दोन्हीकडून मेळाही गाठता येतो आणि हावडाही.